चाकांवरच्या घराची चूल



थंडी पडली की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी हमखास सुरू होतात. वालाच्या शेंगा भरतात आणि वाडीवाडीत पोपट्या लागतात. आणि मुंब्रा, पनवेल, भिवंडीकडचे नातेवाईक गाड्या भरभरून काशीद, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वरला येऊ लागतात. पूर्वी ही मंडळी मामूच्या नाहीतर फुफूच्या घरी उतरत. आता घरे लहान झाली, माणसे वाढली आणि सुट्टीतले लॉजचे भाडे ऐकून माणूस परत फिरतो. म्हणून गाडीतच मुक्काम करण्याची नवी पद्धत आली आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. त्यात आपल्याकडे आखातात राहून आलेले पुष्कळ. कुवेतमध्ये, सौदीत थंडीच्या दिवसांत बायकामुलांना घेऊन वाळवंटात तंबू टाकायचा रिवाज त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेला. इकडे आल्यावर हौस गप्प बसू देत नाही.

मागच्या महिन्यात श्रीवर्धन तालुक्यातून एका भगिनीचा फोन आला. तिच्या नवऱ्याने गाडीच्या मागे ओढायचा एक छोटा ट्रेलर करून घेतला आहे. लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड, आतून थर्माकोल आणि रेग्झिन. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट उंच. आरटीओची नोंदणीही रीतसर केलेली. आत मुले झोपणार आणि दाराच्या आतल्या बाजूला गॅसची शेगडी, तिच्याखाली सिलिंडर. तिचा प्रश्न साधा होता: "आपा, आत बसून स्वयंपाक करायला मला भीती वाटते. घरचे म्हणतात, बाहेर वारा लागतो, वाळू उडते आणि चारचौघांसमोर बायकांनी चूल मांडायची बरी दिसत नाही. मी उगाच घाबरते का?"

ती उगाच घाबरत नाही. या वेळचे सदर तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी. ट्रेलर नसेल, ईको किंवा टेम्पो ट्रॅव्हलर असेल, तरी गोष्ट तीच आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आधी हिशेब करू. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला की तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत पसरतो. घरात तो उंबऱ्याखालून, मोरीतून थोडाफार बाहेर जातो. ट्रेलर म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी. त्यात गॅस तळाशी साचून राहतो. आता आठ गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे दोनशे घनफूट. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, तेव्हा त्या ट्रेलरमध्ये साधारण ५,६०० लिटर हवा मावते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ठिणगीने भडका उडू शकतो. ५,६०० चे दोन टक्के म्हणजे सुमारे ११२ लिटर गॅस, आणि त्याचे वजन भरते जेमतेम पाव किलो. लहान सिलिंडरमध्ये पाच किलो असतो. म्हणजे एका छोट्या सिलिंडरमध्ये असे वीस ट्रेलर भरतील एवढा गॅस. आणि हा हिशेब सगळीकडे सारखा मिसळला तरचा. तळाशी साचला तर पाव किलोचीही गरज नाही. पाच फूट उंचीच्या ट्रेलरमध्ये उभे राहता येत नाही, म्हणून शेगडीही खालीच, बसून स्वयंपाक करायचा. म्हणजे गॅस जिथे साचतो बरोबर तिथेच आपण काडी ओढतो.

हे फक्त वहीतले गणित नाही. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तामिळनाडूत मदुराई स्टेशनजवळ यात्रेकरूंचा एक डबा उभा होता. लखनौहून आलेली मंडळी त्यात होती. रेल्वेत सिलिंडर न्यायला बंदी आहे, तरी कोणीतरी आत नेला होता. पहाटेचा चहा करताना आग लागली आणि नऊ जण दगावले. ती दर्यावर सहलीला आलेली माणसे नव्हती, तीर्थयात्रेला निघालेली होती. पण चाकांवरचे घर, आतला गॅस आणि झोपेतून उठून केलेला चहा या तीन गोष्टी आपल्याकडेही असतात.

आणि मिना तर आपल्या घराघरात ठाऊक आहे. १५ एप्रिल १९९७ रोजी, हाजी मिनात उतरत असतानाच, तंबूंना आग लागली. स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरने सुरुवात झाली, जोराचा वारा होता, आणि सुमारे ७० हजार तंबू जळाले. ३४३ जणांचा मृत्यू झाला, दीड हजारांहून अधिक जखमी झाले. आपल्या उपखंडातले हाजी त्यात मोठ्या संख्येने होते. आज मिनात गेलेले लोक पांढऱ्या तंबूंची वाखाणणी करतात. ते आगीत न पेटणाऱ्या कापडाचे तंबू त्या दुर्घटनेनंतर उभे राहिले, आणि तंबूत गॅसवर स्वयंपाक करायला बंदी आली. जेवण दुसरीकडे शिजते आणि तंबूत आणून वाढले जाते. लाखो माणसांची सोय करणाऱ्यांनी शेवटी जो मार्ग काढला, तोच आपल्या आठ माणसांच्या ट्रेलरला लागू आहे: जिथे झोपायचे तिथे शिजवायचे नाही.

मग बाहेर कुठे? ट्रेलरच्या मागच्या बाजूला ओढून बाहेर काढायचा खण करून त्यावर शेगडी बसवण्याची फॅशन आहे. दिसायला छान. पण वर उघडलेले झाकण ज्योतीच्या डोक्यावर येते आणि खणाच्या फटीतून गॅस आत शिरायची वाट राहते. माझे मत विचाराल तर त्या खणात शेगडी ठेवून न्यावी आणि शिजवताना ती काढून वेगळ्या लोखंडी घडीच्या टेबलावर मांडावी, ट्रेलरपासून निदान आठ-दहा फुटांवर. त्या भगिनीच्या नवऱ्याने फॅब्रिकेशनवाल्याकडून आतली शेगडीची फळी काढून घेतली आणि तिथे कपड्यांचे कपाट केले. मला कळवले, तेव्हा बरे वाटले.

टेबल कोणत्या बाजूला मांडायचे, हे किनाऱ्यावरच्या माणसाने वाऱ्याला विचारायचे. थंडीच्या दिवसांत दुपारी वारा समुद्राकडून, बहुतेक वायव्येकडून जमिनीवर येतो. मावळतीला थोडा वेळ पडतो आणि रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. कोळीबांधवांना हे सांगावे लागत नाही. पण मुंबईहून आलेला माणूस दुपारचा वारा बघून चूल मांडतो आणि रात्रीच्या जेवणाला धूर आणि ज्योत ट्रेलरच्या दारात येते. समुद्राकडे तोंड करून उभे राहा. आपल्या डाव्या हाताला दक्षिण. ट्रेलरच्या त्या बाजूला चूल असेल तर दुपारचा वाराही आणि रात्रीचाही ज्योतीला ट्रेलरपासून दूर नेतो. ट्रेलरचे दार मात्र दुसऱ्या अंगाला हवे. आत झोपलेले माणूस आणि दार यांच्यामध्ये आग कधीच येता कामा नये.

काशीद, नागाव, दिवेआगरला सावली म्हणून आपण सुरूच्या बनात गाडी लावतो. तिथे पायाखाली सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा गालिचा असतो. तो काडेपेटीच्या एका काडीने पेट घेतो. बनात चूल मांडायचीच असेल तर आधी चारी बाजूंनी तीन-चार हात जागा झाडून खालची वाळू उघडी करा. गाडी थेट वाळूवर नेऊ नका. भरतीत फसलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण दर सुट्टीत वाचतो. फसलेल्या गाडीत सिलिंडर आणि मुले दोन्ही असतील तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. टेबल सपाट जागी, ट्रेलरची चाके दगड किंवा लाकडी गुटका लावून पक्की.

टेबल प्लायवूडचे असेल तर वर पत्रा ठोकून चालत नाही. पत्रा तापतो आणि खालचे लाकूड हळूहळू कोळसा होत जाते, वरून काही दिसत नाही. पत्रा आणि लाकूड यांच्यात बोटभर हवेची फट ठेवा. लहान मुलांसाठी मी एक युक्ती सांगते, शाळेच्या सहलीत ती आम्हाला उपयोगी पडली आहे. वाळूत काठीने चुलीभोवती मोठे रिंगण काढा, मोठ्या माणसाची तीन पावले लांब. मुलांना सांगा, ही रेघ ओलांडली की आऊट. नियम सांगून मुले ऐकत नाहीत. खेळाची रेघ मात्र ती एकमेकांना पाळायला लावतात.

आता पडद्याचा मुद्दा. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण बायका आत कोंडून स्वयंपाक करतात त्याचे हेच कारण असते. बाहेर आडोसा हवा तर कनात लावा. पण दोरीवर नायलॉनच्या चादरी किंवा प्लॅस्टिकची ताडपत्री टाकून चारी बाजूंनी खोली करू नका. ती आतल्या ट्रेलरपेक्षा बरी नाही. जाड सुती कापडाची कनात, दोन किंवा फार तर तीन बाजूंना, वरून उघडी, चुलीपासून पाच फूट तरी लांब. ज्या बाजूला वारा जातो ती बाजू मोकळी. वाऱ्यामुळे ज्योत विझते म्हणून शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा करतात, तो शेगडीच्या तीन बाजूंना चालेल, पण सिलिंडर त्या आडोशाच्या आत येता कामा नये.

ओढणी आणि बुरख्याचे कापड हा याहून मोठा धोका आहे. जॉर्जेट, नायलॉन, पॉलिएस्टर पेटले की वितळून अंगाला चिकटते. चुलीजवळ सुती कपडे, ओढणी मागे घट्ट बांधलेली किंवा साधा सुती नमाजी दुपट्टा पिनने आवळलेला, आणि बाह्या कोपरापर्यंत. वर सुती एप्रन असेल तर उत्तम.

आणि आणखी एक उपाय आहे, तो सगळ्यात सोपा. पुरुषांनी शिजवावे. आपल्या लग्नांत देगा कोण चढवतो? बावर्ची पुरुषच असतात आणि ते उघड्यावरच शिजवतात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरकामात मदत करत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेले आपण व्याख्यानांत ऐकतो. सहलीचे दोन दिवस भाईजानने भात शिजवला तर पडद्याचा प्रश्न आपोआप सुटतो, आणि भगिनींना समुद्रही बघायला मिळतो.

सिलिंडरबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे लोक पैसे वाचवतात. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत टाकून न्यायचा नाही. तो घरच्या पत्त्यावर, घरच्या वापरासाठी दिलेला असतो. प्रवासासाठी कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर मिळतो, इंडियन ऑइलने त्याला 'छोटू' नाव दिले आहे. तो ओळखपत्र दाखवून घेता येतो. बाजारात दोन-तीन किलोचे बिनखुणेचे सिलिंडर मिळतात, वर थेट बर्नर बसवलेले, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार मोठ्यातून छोट्यात गॅस भरून देतो. तो गॅस किती भरला हे त्यालाही माहीत नसते. वर मोकळी जागा न ठेवता काठोकाठ भरलेला सिलिंडर उन्हात गाडीत तापला की आतला द्रव फुगायला जागा राहत नाही. तसला सिलिंडर घेऊच नका आणि भरून घेऊही नका. तो बेकायदा आहे हे तर आहेच.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे छापलेले असतात ते वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. 'बी २८' असेल तर जून २०२८ पर्यंत त्याची पुढची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेला सिलिंडर परत करा. नववीच्या मुलालाही हे वाचता येते, तेव्हा घरातल्या मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतात.

प्रवासात सिलिंडर उभाच हवा, आडवा नाही. रेग्युलेटर काढलेला, वर प्लॅस्टिकची टोपी घट्ट बसवलेली. त्याची जागा झोपायच्या पेटीबाहेर, ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांड्यावर, पट्ट्याने आवळलेली. त्याला पत्र्याचा डबा केलात तर डब्याच्या तळाला मोठी भोके हवीत, वर नव्हे. गॅस खाली उतरतो हे फॅब्रिकेशनवाल्याला दोनदा सांगा, तो सवयीने वर जाळी लावतो. बॅटरी, इन्व्हर्टर, जनरेटर त्या डब्याच्या शेजारी नकोत. आगरदांडा ते दिघी फेरीत किंवा मांडव्याच्या रो-रोवर गाडी चढवण्याआधी सिलिंडर आहे हे लपवू नका. विचारा, आणि ते नाही म्हणाले तर सिलिंडर अलीकडेच ठेवा.

नळी आयएसआय खुणेची, नारिंगी रंगाची, आत स्टीलची तार असलेली घ्या. दीड मीटरपेक्षा लांब नको आणि मध्ये जोड तर मुळीच नको. तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची. आपल्या खाऱ्या हवेत नळीच्या टोकाचे क्लिप आणि बर्नर इतरांपेक्षा लवकर गंजतात, त्यामुळे तारखेवर विसंबून राहू नका. मुक्कामाला पोचून जोडणी केली की वाटीत साबणाचे पाणी करून सगळ्या जोडांवर लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही आहेत. त्यांना चुलीजवळ उभे करू नका.

हल्ली ऑनलाइन छोट्या पेटीतली शेगडी मिळते, तिच्या शेजारीच अत्तराच्या मोठ्या फवाऱ्यासारखा गॅसचा डबा बसतो. चहाला, अंड्याला ती छान. पण तिच्यावर पंधरा जणांची देगची चढवली की देगचीचा काठ डब्यावर येतो, ज्योतीची धग खाली परतते आणि डबा तापून फुटतो. दोन शेगड्या चिकटवून एक मोठा तवा ठेवणे हाही तसलाच उद्योग. या शेगडीवर भांडे बर्नरच्या पाळीबाहेर फार गेलेले नको.

म्हणूनच मी म्हणते, स्वयंपाकाचा बेत घरीच ठरवा. मुरुडच्या बाजारात ताजी सुरमई, पापलेट बघितली की तळायचा मोह होतो, मलाही होतो. पण वाऱ्यात, हलत्या टेबलावर, कढईभर तेल हे सगळ्यात धोक्याचे काम आहे. तव्यावर थोड्या तेलात रवा लावून भाजा. तेल पेटलेच तर पाणी टाकू नका, ज्योत बंद करून वर झाकण ठेवा आणि ते लगेच उघडू नका. कांदा घरून तळून न्या, मसाला वाटून न्या, मटण आदल्या रात्री मुरवून न्या. मग किनाऱ्यावर कुकरमध्ये आखनी पाऊण तासात होते. तांदळाच्या रोट्या घरून रुमालात बांधून न्या. त्या थापत बसले की दोन तास आग पेटती राहते.

आणि पोपटी आहेच की! आपल्या रायगडची ही पद्धत मुळातच बाहेरची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, मडके उपडे आणि वरून पेंढ्याचा जाळ. ना तेल ना गॅस. एकच काळजी, नंतर निखाऱ्यांवर नुसती वाळू ओढू नका. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वर काही दिसत नाही आणि सकाळी अनवाणी पळणारे मूल त्यावर पाय ठेवते. भरपूर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, मग हात वर धरून बघा.

निखारे आत नेऊ नका, डासांसाठी धुरी करायलाही नाही. आपल्याकडे तव्यावर निखारे, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि तो तवा खोलीत, ही जुनी सवय आहे. मोठ्या कौलारू घरात ते खपून जात असे. बंद ट्रेलरमध्ये निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच संपवतो. त्याला वास नाही, रंग नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकर इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृत आढळले. जनरेटरच्या धुरातला हाच वायू आत शिरला होता. डासांसाठी मच्छरदाणी लावा, उजेडासाठी बॅटरीचा दिवा.

आग विझवायला आयएसआय खुणेचा एबीसी पावडरचा एक-दोन किलोचा लाल सिलिंडर ट्रेलरच्या दाराजवळ, बाहेरून हात पोचेल असा टांगा. चुलीच्या वर नको, आग तिथेच असली तर काढणार कसा? काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, एवढे निघताना बघा. पिन ओढायची, तोंड ज्योतीच्या मुळाशी धरायचे, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवायचे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, स्वयंपाक करणाऱ्या बाईला तर नक्कीच, हे एकदा हातात देऊन दाखवा. सिलिंडरच्या तोंडाशी गळता गॅस पेटला असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर ती ज्योत विझवायच्या मागे लागू नका. जळता गॅस दिसतो, न जळता पसरलेला दिसत नाही. सगळ्यांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला लांब न्या आणि १०१ ला फोन करा. नुसता वास आला तर बटण दाबू नका, गाडी सुरू करू नका, व्हॉल्व्ह बंद करा, लांब जाऊन १९०६ ला फोन करा. हा गॅस गळतीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे.

कपडे पेटले तर पळायचे नाही, जमिनीवर पडून लोळायचे. भाजले तर साधे स्वच्छ पाणी वीस मिनिटे. समुद्राचे नाही, बर्फ नाही, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही नाही. मग स्वच्छ सुती कापडाने सैल झाका आणि १०८ ला फोन करा. म्हणून पिण्याच्या पाण्याशिवाय एक वीस लिटरचा कॅन केवळ यासाठी भरून ठेवा.

रात्रीसाठी आपल्याला शिकवण आधीच मिळालेली आहे. मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसकट जळाले. ते कळल्यावर प्रेषितांनी (स.) झोपण्यापूर्वी आग विझवून टाकायला सांगितले, हे बुखारी शरीफमध्ये आलेले आहे. ट्रेलरपुरता त्याचा अर्थ असा की नुसते शेगडीचे बटण फिरवून झोपायचे नाही. आधी रेग्युलेटर बंद, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीचे बटण बंद, मग रेग्युलेटर काढून टोपी. हे काम रोज एकाच माणसाचे असावे, नाहीतर प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने केले. फजरनंतरचा चहा रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेवा. अंधारात, अर्धवट झोपेत, काडी ओढायची वेळ येऊ देऊ नका.

दुसऱ्या एका हदीसमध्ये उंदीर दिव्याची वात ओढून घर पेटवील म्हणून सावध केलेले आहे. आमच्या वर्गात मुले यावर हसतात. ट्रेलरवाल्यांनी हसू नये. जून ते सप्टेंबर तो ट्रेलर वाडीत उभा असतो आणि उंदीर-घुशींना रबराची नळी फार आवडते. कुंभारीण माशी बर्नरच्या भोकांत मातीचे घर करते, मग ज्योत वाकडी, पिवळी येते आणि भांडी काळी होतात. म्हणून पावसाळ्याआधी शेगडी, नळी आणि रेग्युलेटर ट्रेलरमधून काढून घरात कोरड्या जागी, टिनच्या डब्यात ठेवा, आणि सिलिंडर वितरकाकडे परत करा.